पाठीशी ऊन की समोर ऊन: आकाशातले रंग ओळखायला शिकताना

दर उन्हाळ्यात एकदा तरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो येतो. भर दुपारचा सूर्य, त्याभोवती मोठं गोल कडं, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘गोल इंद्रधनुष्य, शंभर वर्षांतून एकदाच!’ फोटो खरा असतो. पण ते इंद्रधनुष्य नव्हे, आणि त्यासाठी शंभर वर्षं थांबायचीही गरज नाही. मार्च ते मे या काळात रोज दुपारी सावलीत उभं राहून वर नजर टाकायची सवय लावलीत, तर एकाच उन्हाळ्यात ते दोन-चारदा तरी गाठ पडेल.

नव्याने आकाशाकडे बघू लागलेल्यांसाठी हे लिहितोय. दुर्बीण नको, ॲप नको. फक्त दोन प्रश्न स्वतःला विचारायची सवय हवी. ऊन माझ्या पाठीशी आहे की समोर? आणि उन्हाच्या वाटेत काय आलंय, पाण्याचे थेंब की बर्फाचे स्फटिक? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की समोर जे काही रंगीत दिसतंय त्याचं नाव बहुतेक वेळा सापडतंच.

आधी डोळे

सूर्याकडे थेट बघायचं नाही. पातळ ढगाआडून सूर्य मवाळ वाटतो तेव्हाही नाही, आणि साधा काळा गॉगल लावूनही नाही. सूर्याजवळचं काही बघायचं असेल तर आधी सूर्य कशाच्या तरी आड घाला: इमारतीचा कोपरा, विजेचा खांब, नारळाचं झाड. काहीच नसेल तर हात लांब करून तळवा धरा. डोळे निर्धास्त राहतात आणि भोवतालचं आकाशही जास्त स्पष्ट दिसतं, कारण नजर दिपत नाही. फोटो काढतानाही हेच करा. खांबाआडच्या सूर्याचा फोटो उघड्या सूर्यापेक्षा नेहमी चांगला येतो, मोबाइल सगळं पांढरंफटक करून टाकत नाही.

हाताने आकाश मोजा

आकाशातली अंतरं अंशांत मोजतात आणि त्याचं माप आपल्या हातातच आहे. हात पूर्ण लांब करा. करंगळीची जाडी साधारण एक अंश, बंद मूठ दहा अंश, आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेली वीत वीस-बावीस अंश. लहान मुलाचा हात लहान असतो, पण तेवढाच आखूडही असतो, म्हणून हे माप सगळ्यांना चालतं. खात्री करायची असेल तर क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत वर जा. नवव्या मुठीला बरोबर डोक्यावर पोचायला हवं.

हे माप हाती आलं की एक सूत्र पाठ करून टाका: एक वीत खळं, दोन विती इंद्रधनुष्य. खळं म्हणजे सुरुवातीच्या फोटोतलं ते गोल कडं, त्याची वीत सूर्यापासून मोजायची. इंद्रधनुष्याच्या दोन विती कुठून मोजायच्या, ते पाइप हातात घेतल्यावर कळेल.

पहिलं इंद्रधनुष्य स्वतः तयार करा

पावसाची वाट बघू नका. बागेला पाणी घालायचा पाइप घ्या, सकाळी आठ-नऊ किंवा दुपारी चारच्या पुढे उन्हात या आणि सूर्याकडे पाठ करून उभे राहा. समोर जमिनीवर तुमची सावली पडली असेल. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याचा बारीक फवारा सावलीच्या डोक्याभोवती उडवा. मागे गडद काही असलं, म्हणजे झाडी, काळी भिंत, ओली माती, तर उत्तम.

आता सावलीतल्या डोक्यावर एक टोक ठेवून दोन विती मोजा. तिथे रंगांची कड दिसेल. फवारा डावीकडे न्या, तिथेही तेवढ्याच अंतरावर. उजवीकडे, खाली, सगळीकडे तेच अंतर. फवारा पायाशी आणलात तर कमान खाली वळत जाते आणि लक्षात येतं की इंद्रधनुष्य मुळात पूर्ण गोल आहे. एरवी जमीन आड येते म्हणून आपल्याला कमानच दिसते. आणि त्या गोलाचा मध्य कुठे? तुमच्या सावलीतल्या डोक्यावर. प्रत्येक इंद्रधनुष्याच्या मध्यावर बघणाऱ्याची स्वतःची सावली असते. शेजारी मुलीला उभं केलंत तर तिचा मध्य तिच्या डोक्याच्या सावलीवर, आणि तिचे रंग वेगळ्याच थेंबांतून आलेले.

एका थेंबात काय होतं ते बघू. सूर्याचा किरण थेंबात शिरताना वाकतो, याला अपवर्तन म्हणतात. आत गेल्यावर मागच्या भिंतीवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. थेंबाच्या मध्याजवळून शिरलेला किरण जवळपास आल्या वाटेनेच परततो. कडेकडे जाऊ तसतसा परतीचा कोन वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा साधारण ४२ अंशांची. तिथे पोचल्यावर कोन उलटा कमी होऊ लागतो, म्हणून त्या वळणावर किरणांची गर्दी होते. गर्दी म्हणजे उजेड. तीच आपली कमान. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली एकेक किरण आकडेमोड करून ही गर्दी दाखवली. रंग का दिसतात, तर निळा-जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून तांबड्याची मर्यादा ४२ अंशांवर आणि जांभळ्याची ४० च्या आसपास. शाळेतलं तानापिहिनिपाजा बाहेरून आत असंच लागतं: तांबडा बाहेर, जांभळा आत. एक थेंब तुमच्या डोळ्यात एका वेळी एकच रंग पाठवतो. तो खाली सरकला की पुढचा रंग, आणि त्याची आधीची जागा वरून येणारा दुसरा थेंब घेतो.

हे एकदा पाइपने करून बघितलं की विसरत नाही. मी भाच्यांना आणि सोसायटीतल्या मुलांना हे करायला लावतो. प्रत्येक वेळी कुणीतरी फवाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, सूर्याकडे तोंड करून उभं राहतं आणि ‘मला दिसत नाही’ म्हणून ओरडतं. त्याला वळवून उभं केलं की त्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी दुपारची झोप सोडायला मी कधीही तयार असतो.

आता खरं इंद्रधनुष्य

कोन कळला की वेळही कळते. सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून आकाशात इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही, सगळी कमान क्षितिजाखाली जाते. पुण्या-मुंबईकडे जून ते ऑगस्टमध्ये सूर्य साधारण सव्वानऊच्या सुमारास ही उंची ओलांडतो आणि दुपारी चारच्या आसपास पुन्हा तिच्याखाली येतो. म्हणजे श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू असेल तर सकाळी लवकर पश्चिमेकडे बघायचं आणि दुपारी चारनंतर पूर्वेकडे. सूर्य जितका खाली, तितकी कमान उंच. मावळतीच्या वेळी ती जवळजवळ अर्धगोल असते.

संध्याकाळी पाऊस पडून गेला आणि पश्चिमेला ढग फाटून तिरीप आली, की जे हातात असेल ते टाकून पूर्वेची बाजू गाठा. दोन-तीन मिनिटांत खेळ संपू शकतो.

कमान सापडली की तिच्याकडे नीट बघा, नुसता फोटो काढून परत फिरू नका. आतल्या बाजूचं आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ दिसेल, कारण ४२ अंशांच्या आतला सगळा परतलेला उजेड तिथे आहे. मग बाहेर एक मूठभर अंतरावर दुसरी, फिकट कमान शोधा. तिथे किरण थेंबात दोनदा परततो, म्हणून रंगांचा क्रम उलटा असतो, तांबडा आत. दोन कमानींच्या मधला पट्टा आजूबाजूच्या आकाशापेक्षा काळपट दिसतो. तिकडे ना एकदा परतलेला प्रकाश पोचतो ना दोनदा परतलेला. हा काळा पट्टा एकदा दिसला की नंतर प्रत्येक ठळक इंद्रधनुष्यात दिसतो आणि त्याआधी कसा दिसला नाही याचं नवल वाटतं. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यांसमोर धरून गोल फिरवा. एका स्थितीत समोरचा कमानीचा तुकडा पुसल्यासारखा नाहीसा होतो, आणखी फिरवला की परत उमटतो. थेंबाच्या आतून परतताना प्रकाशाची कंपनं जवळपास एकाच दिशेची उरतात, हा त्याचा परिणाम.

खळं

आता तोंड फिरवू. सूर्य किंवा चंद्र समोर आहे, आकाशात दुधी पापुद्रा पसरलाय, सावल्या किंचित पुसट झाल्या आहेत. सूर्य खांबाआड घ्या आणि एक वीत मोजा. तिथे गोल कडं असेल तर ते खळं. आपल्याकडे ‘चंद्राला खळं पडलंय’ असं म्हणतात ते हेच. खळं म्हणजे मळणीची जागा, आणि शब्द इतका नेमका आहे की बघत राहावं: मधोमध रोवलेला तिवडा, भोवती मळणीच्या बैलांची गोल फेरी, आणि शेणाने सारवलेली स्वच्छ गोल जागा. आकाशातल्या खळ्याचाही आतला भाग बाहेरच्यापेक्षा स्वच्छ, काळसर दिसतो.

इथे थेंब नाहीत. हे ढग कित्येक किलोमीटर उंचीवर असतात. खाली चाळीस अंश तापमानात आपण घामाघूम झालेलो असतो तेव्हाही तिथे शून्याच्या बरंच खाली असतं, आणि ढग म्हणजे बर्फाचे बारीक षट्कोनी स्फटिक असतात, खडूच्या किंवा न तासलेल्या पेन्सिलीच्या आकाराचे. पेन्सिल हातात घेऊन बघा. एका बाजूतून प्रकाश शिरला आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून बाहेर पडला, तर त्या दोन बाजूंमध्ये साठ अंशांचा कोन आहे. म्हणजे शाळेतला लोलकच झाला. असा लोलक प्रकाशाला कमीत कमी २२ अंश वळवतो. त्याहून कमी वळवूच शकत नाही, म्हणून आतली जागा रिकामी आणि २२ अंशांवर गर्दी. तांबडा सगळ्यात कमी वळतो, तो आतल्या कडेला. इंद्रधनुष्यात तांबडा बाहेर, खळ्यात तांबडा आत. ग्रुपवर पुन्हा फोटो आला की एवढं सांगितलं तरी पुरे. २४ मे २०२१ रोजी बंगळुरूवर असंच सुरेख खळं पडलं होतं आणि शहरभर लोक रस्त्यावर थांबून वर बघत होते.

खळं पडलं की पाऊस येतो का? उंचावर ओल पोचलेली आहे, एवढं ते नक्की सांगतं. मोठ्या पावसाळी ढगांच्या आधी असा पापुद्रा अनेकदा येतो, म्हणून जुन्या माणसांचं निरीक्षण पोकळ नव्हतं. पण कित्येक खळी कोरडीच जातात. मी दोन्ही वहीत लिहून ठेवतो.

सूर्य खाली असताना खळ्यावर, सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला त्याच्याच उंचीवर, रंगीत तेजस्वी ठिपके दिसले तर ते खोटे सूर्य. चपटे स्फटिक पिंपळाच्या पानासारखे आडवे तरंगत खाली येतात तेव्हा प्रकाश या दोन जागी एकवटतो. सकाळी किंवा संध्याकाळी, पिंजलेल्या कापसासारखे ढग असताना सूर्यापासून दोन्हीकडे वीतभर अंतरावर बघायचं.

आणि एक गोष्ट आपल्या वाट्याला खास आली आहे. त्याच चपट्या स्फटिकांमुळे सूर्याच्या खाली दोन वितींपेक्षा थोडं जास्त, ४६ अंशांवर, क्षितिजाला समांतर असा झगझगीत सप्तरंगी पट्टा उमटतो. अट अशी की सूर्य ५८ अंशांहून वर हवा. स्कॉटलंडच्या उत्तरेत सूर्य कधीच तेवढा चढत नाही, तिथल्या माणसाला हा पट्टा घरबसल्या जन्मात दिसणार नाही. महाराष्ट्रात मात्र फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य ही उंची गाठतो. पावसाळ्यात खालचे ढग आड येतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दुपारी साडेबारा-एकला सूर्याकडे पाठ न करता, नजर त्याच्या बरीच खाली ठेवून बघा. याला लोक आडवं इंद्रधनुष्य म्हणतात. रंग इंद्रधनुष्यापेक्षाही शुद्ध असतात.

चंद्राजवळचं लहान तबक

चंद्राला अगदी चिकटून, दोन-चार बोटांच्या आतलं पिवळसर-तपकिरी तबक दिसलं तर तेही बोलीत खळंच, पण जात वेगळी. हे पाण्याच्या बारीक थेंबांचं काम, आणि तांबूस कड इथे बाहेर. प्रकाशाच्या लाटा थेंबांच्या कडेने पसरतात, ते हे विवर्तन. थेंब जितके बारीक तितकं तबक मोठं. सूर्याजवळच्या ढगांच्या कडांना शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी-हिरवी झाक येते, तीही याच घराण्यातली. ती बघताना सूर्य आड घ्यायला विसरू नका.

इंद्रवज्र

पुन्हा सूर्याकडे पाठ. यावेळी पायाखाली दरी हवी आणि दरीत धुकं. त्या धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती जे रंगीत गोल कडं दिसतं, ते इंद्रवज्र.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा यासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यामागे नुसती दंतकथा नाही. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावर लेख लिहिला, त्यात हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या पूर्ण गोल धनुष्याची नोंद आहे. गोलाच्या मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली होती. त्या माणसांना ही आपलीच सावली यावर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी हातपाय हलवून, नाना तऱ्हेने वाकून बघितलं. आजही कड्यावर पहिल्यांदा इंद्रवज्र बघणारा माणूस हेच करतो. मीही हात हलवला होता.

कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, कोकणाकडे. तुमची सावली दरीत पडायची तर सूर्य पूर्वेला हवा, म्हणून वेळ सकाळची. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्री गडावर मुक्काम करा आणि उजाडताना कड्याजवळ पोचा. खाली दरी धुक्याने भरलेली आणि पाठीमागचं आकाश मोकळं, असा योग साधला पाहिजे. धुकं कड्याच्या वर आलं तर सूर्य झाकतो, फार खाली गेलं तर सावली विरून जाते. मी तीन सकाळी रिकाम्या हातांनी परतलो. चौथ्या वेळी धुकं दोनदा वर चढलं, दोनदा बसलं आणि मग पाचेक मिनिटं स्थिर राहिलं. करड्या पांढऱ्या पडद्यावर आमच्या तिघांच्या लांब सावल्या होत्या, आणि माझ्या डोक्याभोवती मुठीहून लहान, एकात एक अशी रंगीत कडी. मी म्हटलं, कडं माझ्या डोक्याभोवती आहे. दोन्ही मित्र म्हणाले, नाही, आमच्या. तिघंही खरं सांगत होतो.

कडं इतकं लहान असतं यावरूनच कळतं की हे इंद्रधनुष्य नव्हे. धुक्याचे थेंब पावसाच्या थेंबांपेक्षा फार बारीक असतात, आणि एवढ्याशा थेंबात किरणांच्या साध्या रेघा काढून भागत नाही, प्रकाशाच्या लाटांचा हिशोब करावा लागतो. सी. टी. आर. विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ सप्टेंबर १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर होता. तिथे त्याने अशीच कडी बघितली आणि हे ढग प्रयोगशाळेत तयार करायचे असं ठरवलं. त्यातून मेघकक्ष हे उपकरण घडलं, अणूच्या पोटातले कण त्यात रेघा उमटवताना दिसू लागले, आणि १९२७ साली त्याला नोबेल मिळालं.

कड्यावर जाताना हे पाळा. ओल्या कातळावर काठाशी उभं राहायचं नाही. बघायचं असेल तर पालथं झोपून, डोकं तेवढं पुढे काढून. वाऱ्याचे झोत खालून वर येतात, टोप्या-ओढण्या आधीच काढून ठेवा. आणि मोबाइल मागून दुसऱ्या कुणाला तरी धरायला द्या.

गड चढणं शक्य नसेल तर विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मागा, पंखाच्या मागची किंवा पुढची. सकाळी मुंबईहून दिल्लीला जाताना डावी बाजू. खाली ढग असले की विमानाच्या सावलीभोवती हेच कडं पळताना दिसतं. आणि विमानही नको असेल तर थंडीत सकाळी दहिवर पडलेल्या गवताच्या बांधावर जा. तुमची सावली लांब पडली असेल. तिच्या डोक्याभोवती गवत बाकीच्यापेक्षा उजळ दिसेल, रंग नसलेलं एक तेज. दहिवराचे गोल थेंब भिंगासारखे ऊन गवताच्या पात्यावर एकवटतात आणि आल्या दिशेला परत धाडतात.

सूर्य मावळल्यावर पूर्वेला वळा

समुद्रकिनारी किंवा टेकडीवर सगळे मावळता सूर्य बघतात आणि तो बुडाला की चपला घालून निघतात. तेव्हा थांबायचं. सूर्याचा प्रकाश हवेतून येताना हवेचे रेणू निळ्याला तांबड्यापेक्षा जवळजवळ सहा पट जास्त विखरतात. हे गणित रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ साली मांडलं. दिवसा तो विखुरलेला निळा म्हणजे आपलं आकाश. संध्याकाळी किरण हवेतून फार लांबची वाट तुडवत येतात, निळा वाटेतच गळतो आणि तांबडा उरतो.

आता पाठ फिरवून पूर्वेला बघा. क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा असेल आणि त्याच्यावर गुलाबी. हा करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली, आणि गुलाबी म्हणजे जिथे अजून तांबडं ऊन पोचतंय ती हवा. डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीतल्या उघड्या पठारावरून हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. सावली वर चढत जाते, गुलाबी पट्टा फिका होतो आणि वीसेक मिनिटांत दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. त्या वेळी पश्चिमेला ढगांच्या फटीतून उन्हाचे झोत पंख्यासारखे पसरले असतील, तर पूर्वेलाही बघा, तेच झोत डोक्यावरून पलीकडे जाऊन एका बिंदूत मिटताना दिसू शकतात. ते मुळात समांतरच असतात, रेल्वेचे रूळ दूरवर जुळल्यासारखे दिसतात तसे. आणि ते ज्या बिंदूत मिटतात, तिथेच, सूर्य बुडाल्यावर क्षितिजाच्या किंचित वर, तुमच्या डोक्याची सावली पडली असती.